रेल्स आणि मर्ब : एका विलीनीकरणाचा इतिहास

डेव्हिड हायनमायर हॅन्सन ह्यांनी ‘बेसकॅम्प’ ह्या उपयोजनातून वेगळी काढलेली ‘रुबी ऑन रेल्स’ ही चौकट जुलै २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. डेटाबेसशी व्यवहार करणे, पाने घडविणे, ई-मेल पाठविणे इत्यादी वेब-उपयोजनाला लागणारे बहुतेक साहित्य तिने पूर्वनिश्चित संकेतांनुसार एकत्र पुरविले. तिची लोकप्रियता ह्या सोयीतून उद्भवली. तिच्यावरील मुख्य आक्षेपाचे मूळही तेथेच होते. त्या काळी रेल्सची एक प्रक्रिया एका वेळी एकच विनंती हाताळीत असे. कोणी मोठी फाइल चढवू लागला की मागची मंडळी खोळंबत.

ह्या अडचणीवर उपाय म्हणून २००६ मध्ये एझ्रा झिग्मुन्टोविच ह्यांनी ‘मर्ब’ निर्माण केली. ‘मॉन्ग्रेल’ हा सर्व्हर व ‘ईआरबी’ ही साचेपद्धती ह्यांच्या संयोगातून तिचे नाव सिद्ध झाले, आणि आरंभी तिचा विस्तारही त्याहून फारसा अधिक नव्हता. गाभा लहान ठेवावा, बाकीचे ज्याचे त्याने जोडून घ्यावे, असे तिचे धोरण होते. तथापि उपयोजने वाढली तशी तिच्याभोवतीही पूरक लायब्रऱ्यांची गर्दी जमली. नोव्हेंबर २००८ मध्ये मर्बची १.० ही आवृत्ती निघाली. त्याच महिन्यात रेल्सच्या २.२ ह्या आवृत्तीने अनेक थ्रेडमध्ये सुरक्षितपणे चालण्याची क्षमता मिळविली. वेगवान चौकट सोयींकडे सरकत होती व सोयीस्कर चौकट वेगाकडे. उभय पक्षांच्या कडवट वादांत हे साम्य झाकले गेले होते.

म्हणूनच २३ डिसेंबर २००८ रोजी विलीनीकरणाची घोषणा झाली तेव्हा अनेकांना ती अनपेक्षित वाटली. मर्बचे तत्कालीन सूत्रधार येहुदा कात्झ रेल्सच्या पुनर्रचनेत सामील झाले. ऑगस्ट २०१० मधील ३.० ह्या आवृत्तीत विनंती हाताळणाऱ्या भागाचे थर वेगळे करण्यात आले. तळाचा ‘मेटल’ हा थर जवळजवळ रिकामा होता. ज्याला ज्या सोयी हव्यात त्याने त्या त्यावर चढवाव्यात. नवशिक्याला मात्र पूर्वीचाच भरलेला संच मिळत राहिला. तडजोडीचे खरे कौशल्य ह्या दुहेरी व्यवस्थेत होते.

अर्थात पुनर्रचनेलाही किंमत पडली. डेटाबेसचे प्रश्न रचण्यासाठी आणलेल्या ‘एरेल’ ह्या नव्या लायब्ररीमुळे ३.० चे त्या बाबतीतील काम मंदावले. ॲरन पॅटरसन ह्यांनी ती लायब्ररी नव्याने लिहिली, आणि तिच्यासह ३.०.२ ही आवृत्ती नोव्हेंबर २०१० मध्ये बाहेर पडली.