एक रुपयाची मालमत्ता

सावित्री आणि कृष्णा या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या एकाच माथ्यावर उगम पावतात. सावित्री पश्चिमेला पोलादपूर-महाडकडे उतरते, तर कृष्णा वाई, कऱ्हाड करीत सांगलीला येते. या दोन नद्यांवर एका वर्षाच्या अंतराने दोन पूल झाले. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल 1928 सालचा. सांगलीचा कृष्णेवरचा पूल 1929 सालचा. तो संस्थानी काळातला, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झालेला आणि त्यांचेच नाव आजवर बाळगणारा.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा पूल पुरात वाहून गेला. त्याबरोबर दोन एसटी बस गेल्या आणि त्यांतली माणसे गेली. हा पूल कोणाच्या नोंदीत नव्हता असे मुळीच नाही. तो राष्ट्रीय महामार्गावर होता आणि त्याच वर्षी पावसाळ्याआधी त्याची पाहणी होऊन धोका आढळला नव्हता, असे सरकारकडून सांगण्यात आले. म्हणजे वहीही होती आणि शेराही होता. मग त्या वहीत नेमके काय लिहिले जाते, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे. सातारा-सांगलीकडच्या जुन्या कामांची दप्तरे मी पाहत आलो ती मुख्यतः या प्रश्नापायी.

आपल्या सार्वजनिक बांधकामाच्या दप्तराचा कणा म्हणजे मोजमाप वही, अभियंत्यांच्या भाषेत एम. बी. डलहौसीच्या काळात, 1854-55 च्या सुमारास, सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते उभे राहिले आणि त्याच्या हिशेबशिस्तीतून ही वही घट्ट रुजली. तिची शिस्त कडक. पानांना क्रमांक, खाडाखोड नाही, दुरुस्ती केलीच तर शेजारी सही. किती ब्रास खडी पडली, किती घनफूट दगडी बांधकाम झाले, हे जागेवर मोजून लिहायचे आणि त्यावरूनच ठेकेदाराचे देयक निघायचे. वही हरवली तर चौकशी लागते. पण ही सगळी शिस्त पैसे देण्यासाठी आहे. अंतिम देयक निघाले की वही बस्त्यात जाते. पूल पुढे शंभर वर्षे उभा राहतो, त्याची वही मात्र पहिल्या दिवशीच मिटलेली असते. नवे काम पाहणारी यंत्रणा आणि झालेले काम सांभाळणारी यंत्रणा यांच्यातली ही फट आपण इंग्रजांकडून घेतली आणि मोठ्या निष्ठेने जपली.

आमच्या भागात या फटीत आणखी एक भर पडली, ती सरहद्दींची. आजचे सातारा आणि सांगली हे जिल्हे म्हणजे ब्रिटिश सातारा जिल्हा आणि औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशा संस्थानांचे तुकडे यांची गोधडी आहे. 1948 साली संस्थाने विलीन झाली. 1949 साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि 1960 साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा रस्ते, विहिरी, शाळा, दवाखाने पुन्हा वाटले गेले. काही बांधकाम खात्याकडे राहिले, काही परिषदेकडे गेले. आटपाडीकडची एखादी मोरी औंध संस्थानात बांधली गेली असेल, तर दीडशे वर्षांच्या आत तिचे मालक तीन-चार वेळा बदललेले असतात. प्रत्येक हस्तांतराच्या यादीत ‘रस्ता’ असा एक शब्द येतो. रस्त्याखालची मोरी त्या शब्दात गृहीत धरलेली असते. गृहीत धरलेल्या वस्तूला दुरुस्तीचा निधी कोण मागणार?

सांगलीत 1998 साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. दोन वेगळ्या संस्थानांच्या राजधान्या आणि शेजारचे कुपवाड एका छपराखाली आले. राज्यातल्या नगरपालिकांत संगणकाचे वारे याच सुमारास सुरू झाले. त्यात कल्याण-डोंबिवलीचे नाव पहिले घ्यावे लागते. तिथे 2002 च्या सुमारास नागरी सुविधा केंद्र आणि त्यामागची संगणकप्रणाली उभी राहिली, आणि पुढे तीच राज्यातल्या इतर नगरपालिकांनी घ्यावी असे शासनाने ठरवले. प्रत्येक गावाने आपापली प्रणाली लिहून घेण्यापेक्षा एकच सगळ्यांनी वापरायची, ही कल्पना उत्तमच होती. लहान नगरपालिकेला स्वतःचा संगणकतज्ज्ञ कुठून परवडणार? पण ही प्रणाली कोणत्या दाराने आत आली ते पाहण्यासारखे आहे. ती आली घरपट्टी, पाणीपट्टी आणि जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीतून, म्हणजे जिथे नागरिक रांगेत उभा असतो आणि पैसे जमा होतात तिथून. ओव्हरसियरच्या टेबलापर्यंत ती सावकाश पोचली. जमिनीखालचा व्हॉल्व्ह रांगेत उभा राहत नाही.

मालमत्तेची नोंद संगणकाच्या पोटात शिरली ती हिशेबाच्या वाटेने. नगरपालिकांच्या हिशेबाची राष्ट्रीय नियमपुस्तिका 2004 साली आली. केवळ जमाखर्च न लिहिता द्विनोंदी पद्धतीने ताळेबंद मांडा, असे तिचे सांगणे होते. पुढच्याच वर्षी आलेल्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेने केंद्राच्या निधीशी ही अट जोडली. ताळेबंद म्हटला की मालमत्तेची किंमत आली, आणि किंमत म्हटली की वर्ष, खर्च आणि घसारा आला. आता महादरे तळ्याची किंमत काय लिहायची? कासहून डोंगराच्या कडेकडेने पाणी आणणाऱ्या पाटाची काय? नियमपुस्तिकेकडे उत्तर आहे. जी मालमत्ता मोबदला न देता संस्थेकडे आली, तिची नोंद नाममात्र एक रुपयाने करायची.

हिशेबनीसाच्या दृष्टीने यात वावगे काहीच नाही, आणि नोंद होते हे तरी बरे, असे मीही म्हणेन. पण परिणाम पाहा. घसारा हा त्या ताळेबंदात झिजेचा एकमेव आकडा, आणि एक रुपयाला घसारा कसला? ज्या वस्तू सर्वांत जुन्या, म्हणून ज्यांच्याकडे सर्वांत जास्त लक्ष हवे, त्याच यादीत सर्वांत हलक्या ठरतात. गेल्या वर्षी झालेला काँक्रीटचा रस्ता कोटींच्या आकड्याने ठळक दिसतो आणि शहराला पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजणारे तळे एक रुपयाच्या ओळीत बसते.

आयर्विन पुलाबाबत तर गंमतच आहे. पावसाळ्यात सांगलीकरांच्या तोंडी रोज या पुलाचा आकडा असतो. 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांवर गेले होते, हे शाळकरी पोरही सांगेल. महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या पुलावरचा आकडा लोक इतक्या आस्थेने वाचत नसतील. तो आकडा मात्र पाण्याचा आहे, पुलाचा नव्हे. इतके पूर अंगावर घेतल्यावर पायाजवळची माती किती खरवडली गेली, याचा आकडा तसाच रोजच्या बातमीत नाही तरी वर्षातून एकदा, ऑक्टोबरात पाणी उतरल्यावर, चौकात लावता येईल. सावित्रीच्या दुर्घटनेनंतर केंद्राने 2016 मध्येच पुलांच्या व्यवस्थापनाची देशव्यापी संगणकप्रणाली सुरू केली. दीड लाखाहून अधिक पूल-मोऱ्यांना क्रमांक आणि स्थितीनुसार गुण दिले गेले. मोजमाप वहीत जे कधीच नव्हते, ते ‘आज स्थिती काय’ हे कलम तिच्यात आहे. पण ही मोजणी राष्ट्रीय महामार्गांपुरती होती. गावरस्त्यांवरचे पूल तिच्याबाहेर राहिले. 15 जून 2025 ला इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल कोसळला, तेव्हा नव्या पुलासाठी निधी मंजूर झालेला होता. नव्या पुलाची फाइल चालत होती आणि जुन्या पुलावर माणसे.

ग्रामपंचायतींचा कागद या बाबतीत शहराहून शहाणा वाटतो. तिथे नमुना 22 म्हणजे स्थावर मालमत्तेची नोंदवही, नमुना 23 म्हणजे ताब्यातल्या रस्त्यांची, नमुना 24 जमिनीची. 2012 च्या सुमारास पंचायतींसाठी केंद्राने ज्या सामायिक प्रणाली दिल्या, त्यांत मालमत्तेची वेगळी सूची होती आणि 2020 पासून ई-ग्रामस्वराज आहे. त्याच 2020 साली साताऱ्याची हद्दवाढ झाली. शाहूपुरीसारखी मोठी ग्रामपंचायत शहरात आली आणि शाहूनगरसारखा ‘त्रिशंकू’ म्हणून ओळखला जाणारा भागही आला. पंचायतीची प्रणाली एका खात्याची, नगरपालिकेची दुसऱ्या खात्याची. नमुना 23 मधला रस्ता आपोआप नगरपालिकेच्या यादीत उडी मारत नाही. तो कोणीतरी बसून, जागेवर जाऊन, पुन्हा लिहावा लागतो. आणि त्रिशंकू भागातल्या गटारांना तर आधीचा नमुनाच शोधावा लागतो.

हे लिहिण्याचे काम संगणक करणार नाही. कुठल्या गल्लीत किती खोलीवर कोणता व्हॉल्व्ह आहे, हे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात असते आणि तो निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर घरी जाते. माझ्यापुरते म्हणाल, तर गेली काही वर्षे जुन्या मोऱ्यांवरचे सालाचे दगड मी उतरवून घेतो आहे. सोबत साखळी क्रमांक, त्या काळी मुलूख कोणाचा होता आणि आज तिथे फावडे घेऊन कोण येते, एवढी तीनच कलमे. शेवटच्या कलमात बहुतेक पानांवर अजून रेघ आहे.