जंगलात जपलेले महायुद्धाचे खंदक : १३ किलोमीटरपैकी उरले फक्त अर्धा किलोमीटर

पाणलोटाच्या कामात डोंगरउतारावर आपण चर खोदतो. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांपूर्वीचे असेच चर झाडीत आजही दिसतात. पण ते पाण्यासाठी नव्हे, लढाई शिकण्यासाठी खोदलेले आहेत.

कुठे आहेत?
लंडनच्या वायव्येला बर्कहॅमस्टेड नावाचं गाव आहे. गावाशेजारी मोठं गायरान आहे. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) ‘इन्स ऑफ कोर्ट’ या तुकडीने तिथे अधिकारी घडवले. ‘इन्स ऑफ कोर्ट’ म्हणजे लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्था. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या ‘ग्रेज इन’मधून बॅरिस्टर झाले, ती त्यातलीच एक. या तुकडीत सुरुवातीला वकील मंडळीच जास्त होती. कोर्टात उभं राहणाऱ्यांच्या हाती फावडं आलं!

खंदक वाकडे का?
आपला समतल चर उताराला आडवा, एका पातळीत जातो. लढाईचा खंदक मात्र मुद्दाम वळणं घेत खणतात. बॉम्ब आत पडला तर तुकडे पुढच्या वळणाला अडतात. शत्रू आत घुसला तरी त्याला सगळ्या खंदकात सरळ गोळी झाडता येत नाही. पुढे लढण्याचा खंदक, मागे मदतीचा, आणि दोन्ही जोडणारी वाट अशी रचना असते.

किती उरले?
गायरानावर सुमारे १३ किलोमीटर खंदक खोदले होते. त्यातले साधारण ५०० मीटर शिल्लक आहेत. माती ढासळून, पालापाचोळा साचून ते उथळ झालेत, पण वळणं ओळखू येतात. या तुकडीतून १२ हजारांवर माणसं आघाडीवर गेली. दोन हजारांहून जास्त परत आली नाहीत. त्यांचं स्मारक तिथेच आहे.

नांगर फिरला नाही म्हणून एवढं तरी टिकलं. जमीन एकदा सपाट केली की अशी खूण परत मिळत नाही. झाडाची मुळं माती धरून ठेवतात, पण मोठं झाड उन्मळलं तर मुळासकट खंदकाची कडही उपटून निघते. म्हणून झाडांकडेही लक्ष ठेवावं लागतं.

आपला संबंध
त्याच महायुद्धात मराठा पलटणी आजच्या इराकमध्ये, कूत इथल्या वेढ्यात अडकल्या होत्या. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) गावचे ४६ जवान या युद्धात कामी आले. ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले’ अशा दगडी पाट्या अजून कित्येक गावांत आहेत. कुठे त्यावर रंग फासलाय, कुठे पाटी भिंतीआड गेलीय. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर आधी फोटो काढून ठेवा आणि चावडीची दुरुस्ती निघाली की ती जपून ठेवायला सांगा.