पानझडी फुलझुडपे, मावळच्या घरबागेतील

पानझडी फुलझुडपे : कोरड्या किंवा थंड ऋतूत पाने गाळणाऱ्या व शोभेच्या फुलांसाठी घराभोवती लावल्या जाणाऱ्या काष्ठमय, बहुशाख झुडपांना ही संज्ञा लावतात. समशीतोष्ण देशांत पानगळ थंडीमुळे होते, तर सह्याद्रीत ती मुख्यतः पाण्याच्या टंचाईमुळे. हा भेद न ओळखता युरोपीय पुस्तकांतील छाटणीचे वेळापत्रक येथे लावले, तर बहरच हातचा जातो.

कुरवंडे (ता. मावळ, जि. पुणे) हे लोणावळ्याजवळचे घाटमाथ्यावरील गाव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. येथील घाटवाटेने फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची मोगल फौज कोकणात उतरली व उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या हाती सापडली. शिवभारतात त्या निबिड अरण्याचे वर्णन आहे. या परिसरात वर्षाला सु. ४,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो. पण तो बहुतेक जून ते सप्टेंबर या काळातच. नंतर उथळ, धुपलेली जमीन झपाट्याने कोरडी पडते. पाने गाळून राहणे ही येथील झुडपांची स्वाभाविक रीत होय.

घराच्या अंगणात लावण्याचे सर्वांत परिचित पानझडी झुडूप म्हणजे पारिजातक (लॅ. निक्टँथस आर्बर-ट्रिस्टिस, कुल-ओलिएसी). त्याच्या फुलांच्या नारिंगी देठांपासून पूर्वी कापडाला केशरी रंग देत. विदेशी शोभिवंत झुडपांचा प्रसार मात्र ब्रिटिश अमदानीत झाला. दापोडी येथे १८२८ च्या सुमारास सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक होते. पुढे १८७३ मध्ये गणेशखिंड येथे उद्यान निघाले. तेथील अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांच्या ‘गार्डनिंग इन इंडिया’ या ग्रंथाने या देशातील हवामानाला धरून बागकामाची माहिती दिली. १८५८ मध्ये खंडाळा–पुणे व १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग सुरू झाल्यावर लोणावळा-खंडाळ्यास बंगले उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर बागाही आल्या.

या बागांत चीनकडील लॅजरस्ट्रोमिया इंडिका हे तामणाच्या प्रजातीतील झुडूप लोकप्रिय झाले. त्याच्याच कुलातील (लिथ्रेसी) धायटी (लॅ. वुडफोर्डिया फ्रुटिकोजा) मात्र कुंपणाबाहेरच राहिली. वस्तुतः निष्पर्ण फांद्यांवर तांबड्या फुलांचे झुबके धरणारी ही वनस्पती शोभेत मुळीच कमी नाही. तिची फुले आसवारिष्टांत आंबवण्यासाठी वापरतात, यापलीकडे तिची दखल फारशी घेतली गेली नाही.

या दोहोंच्या निगेतील फरक महत्त्वाचा आहे. लॅजरस्ट्रोमियाला नव्या फुटीवर फुले येतात. म्हणून पाने गळून गेल्यावर, साधारणतः डिसेंबर-जानेवारीत, त्याची छाटणी करतात. धायटीला जून फांद्यांवर बहर येतो. ती हिवाळ्यात छाटल्यास त्या वर्षी फूल दिसत नाही. छाटणी बहर ओसरल्यावरच करावी. पारिजातकाची छाटणीही फुलांचा हंगाम संपल्यावर करतात. घाटमाथ्यावर मुळांशी पाणी तुंबणे हा मोठा धोका असल्याने रोप खड्ड्यात खोल न लावता उंचवट्यावर लावावे व उताराला चर काढावा. ऐन पावसात घातलेले खत वाहून जाते. ते पाऊस उतरल्यावर द्यावे. गळलेली पाने जाळण्याची प्रथा अनिष्ट आहे. बुंध्याभोवती त्यांचेच आच्छादन केल्यास ओल टिकते. निष्पर्ण झुडूप वाळले असे समजून त्याला रोज पाणी घालणे, किंवा ते उपटून टाकणे, ही नवख्यांची नेहमीची चूक. सालीला नखाने ओरखडा काढून आत हिरवेपणा दिसल्यास झुडूप जिवंत आहे असे समजावे.

शोभेची प्रत्येक आयात निरुपद्रवी ठरली नाही. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील टणटणी किंवा घाणेरी (लॅ. लँटाना कॅमारा) एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेतील झुडूप म्हणून भारतात आली आणि रानभर पसरली. पक्षी तिची फळे खाऊन बी दूरवर नेतात. बागेत ती असल्यास फळे धरण्यापूर्वी मुळासकट काढावी. नुसती तोडल्यास बुंध्यापासून पुन्हा फुटते.

उलटपक्षी, बंगल्यासाठी जागा साफ करताना येथील मूळची झुडपे तण म्हणून नाहीशी केली जातात. एच्. सांतापाव यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खंडाळ्याच्या वनश्रीवरील ग्रंथामुळे या भागातील वनस्पतींची पद्धतशीर नोंद उपलब्ध झाली. जागा साफ करण्यापूर्वी तिच्याशी पडताळा घेणे शक्य आहे. कारवीच्या (लॅ. स्ट्रोबिलँथस कॅलोसा) बाबतीत हे विशेष आवश्यक आहे. तिच्या काठ्या कुडाच्या भिंतींसाठी वापरल्या जात. ती सु. सात-आठ वर्षांनी एकदाच सामुदायिक रीत्या फुलते व बी धरून मरते. बी रुजण्यापूर्वी उतार खणला गेल्यास तेथील पुढची पिढीच खुंटते.