जयपूरचा पाय

पाय गमावलेल्या शेतकऱ्यास विलायती धाटणीचा कृत्रिम पाय मिळाला, तरी तो बहुधा खुंटीवरच टांगलेला राही. त्याला बूट लागे. उकिडवे बसणे, मांडी घालणे अशक्य. चिखलाच्या बांधावर तर तो निरुपयोगीच. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास अनवाणी चालता येईल असा रबरी पाय सिद्ध केला. रबर पक्के करण्याची युक्ती टायरच्या दुकानातून आली; विद्येला असे आडवळणाचे गुरू पुष्कळदा भेटतात!

परंतु पाय सिद्ध झाला म्हणजे तो गरजवंताच्या पदरी पडला, असे नव्हे. पुढील काही वर्षे तो फार थोड्यांना लाभला. गरिबाला पायाच्या किमतीइतकाच जयपूरचा प्रवास, तेथील मुक्काम आणि बुडणारी मजुरी भारी होती. १९७५ साली देवेंद्र राज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापिली. अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता. समितीने पाय विनामूल्य दिला, शिवाय आलेल्याच्या राहण्याजेवणाचा भारही उचलला. अशा साधनांसाठी साहाय्य देणारी केंद्र सरकारची योजना त्यानंतर, १९८१ साली आली. तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो मिळविण्यास कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतातच.