गरम झाल्यावरच बंद पडणारी गाडी

पुन्हापुन्हा येणाऱ्या बिघाडाचे दोन प्रकार आधी वेगळे केले पाहिजेत. एकात कारण उघड असते, दुरुस्ती कच्ची असते. रेडिएटरची गळती एम-सीलने लिंपली तर ती परत येणारच. अशा वेळी गॅरेज बदलावे, त्यावर अधिक बोलण्यासारखे नाही. दुसऱ्या प्रकारातला बिघाड ठरावीक परिस्थितीतच उमटतो आणि गॅरेजच्या दारात जाईपर्यंत नाहीसा होतो. खरा घोळ इथे आहे.

क्रँक सेन्सरचे उदाहरण घेऊ. क्रँकशाफ्ट किती वेगाने आणि कुठल्या स्थितीत फिरतो आहे, हे तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, सांगतो. त्याच्या जुन्या प्रकारात तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. तीत केसाएवढी चीर पडली तर थंडपणी टोके एकमेकांना टेकलेली राहतात. इंजिन तापले की ती सुटतात आणि सिग्नल थांबतो. पिस्टन कुठे आहे हेच न कळल्याने ईसीयू स्पार्क आणि इंधन दोन्ही बंद करतो. चावी फिरवल्यासारखे इंजिन घाटात गप्प होते. अर्ध्या तासाने गार झाल्यावर तीच गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू! गॅरेजात मेकॅनिक गल्लीच्या टोकापर्यंत ट्रायल मारतो, इंजिन पुरते तापतही नाही, आणि जॉब कार्डवर शेरा पडतो: 'चेक केले, ओके.' तो खोटे बोलत नसतो. त्याच्यासमोर गाडी खरोखरच ओके असते.

मग स्कॅनर लावतात. पी०३३५ हा कोड आला की 'सेन्सर गेला' असा निकाल लागतो. प्रत्यक्षात तो कोड सेन्सरच्या सर्किटविषयी असतो. दोष वायरीत, कपलरच्या सैल पिनेत किंवा सेन्सर जिचे दाते मोजतो त्या चकतीतही असू शकतो. कोड गल्ली सांगतो, घर आपण शोधायचे. त्यातही अनेक जण आधी कोड पुसून टाकतात. त्याबरोबर बिघाडाच्या क्षणी नोंदलेले तापमान, वेग वगैरे आकडेही जातात. म्हणजे पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढली. खरी चाचणी साधी आहे: गाडी बंद पडलेली असतानाच सेल्फ मारून स्कॅनरवर आरपीएम पाहायचा. इंजिन फिरते आहे आणि आकडा शून्य, तर सिग्नल पोचत नाही हे नक्की.

अर्थिंगचे दुखणेही असेच फसवे. सेल्फ मारताना १५० अँपिअर प्रवाह गेला आणि गंजलेल्या अर्थ वायरीच्या जोडात ०.०१ ओहम रोध असला, तर १.५ व्होल्ट तिथेच खर्च होतात. गाडी उभी असताना मल्टिमीटर मात्र बॅटरीवर निवांत १२.६ दाखवतो, कारण प्रवाहच नाही. मग दोष बॅटरीच्या माथी. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात असे जोड लवकर गंजतात.

'पार्ट बदलून बघू' हे वाक्य यातून येते. अडाणीपणा हे त्याचे एकमेव कारण नाही. बिलात पार्टचे आणि तो बसवण्याचे पैसे दिसतात. दोन तास शोधण्यात गेले तर ते मागायचे कसे, हा मेकॅनिकपुढचा प्रश्न असतो. म्हणून मी तर म्हणतो, शोधकामाची मजुरी ग्राहकानेच आपणहून कबूल करावी आणि गाडी तापेपर्यंत मेकॅनिकला शेजारी बसवून फिरवावे.

एवढे करूनही भागले नाही तर प्रश्न कागदाचा होतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्येच अशा सदोष नव्या गाड्यांसाठी वेगळा कायदा केला. आपल्याकडे तसा कायदा नाही. आधार आहे तो २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. त्यात मालातला दोष आणि सेवेतली त्रुटी या निराळ्या गोष्टी आहेत. तीनदा पैसे घेऊनही बिघाड तसाच, ही गॅरेजविरुद्ध सेवेतल्या त्रुटीची तक्रार; गाडी मुळातच सदोष असल्याचा दावा कंपनीविरुद्ध, आणि तिथे तज्ज्ञाचा अहवाल बहुधा लागतोच. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. १९१५ या हेल्पलाइनवरून आधी तडजोडीचा प्रयत्न करता येतो.

पण आयोगापुढे जॉब कार्डच ठेवायचे असते, आणि त्यावर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने 'जनरल चेकअप' एवढेच लिहिलेले असेल तर तिन्ही फेऱ्या वाया. सही करण्याआधी त्याला लिहायला लावावे: 'चाळीस मिनिटे चालवल्यावर इंजिन बंद, अर्ध्या तासाने सुरू, तिसरी वेळ.' आणि बदललेला जुना पार्ट डिकीत टाकायला सांगावे.