औषध सुटण्याचा इतिहास

कोणत्याही औषधाचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे तें प्रथम कोणीं शोधलें, कोणास दिलें आणि त्याचा गुण कसा आला, एवढें सांगून इतिहासकार लेखणी खालीं ठेवतो. तें पुढें केव्हां आणि कसें सोडलें गेलें, याची हकीकत बहुधा कोठें सांपडत नाहीं. तापाच्या औषधाविषयीं ही उणीव फारशी जाणवत नाहीं. ताप गेला कीं औषधही गेलें. परंतु ज्या औषधाचा संबंध वर्षानुवर्षें माणसाच्या मनाशीं, झोंपेशीं आणि घरांतील शांततेशीं येतो, तें सोडणें हा घेण्याइतकाच, किंबहुना अधिक बिकट प्रसंग असतो. उन्मादावरील, म्हणजे आजच्या भाषेंत तीव्र मनोविकारांवरील, औषधांची ही उत्तरकथा आम्ही येथें सांगूं इच्छितों. आणि तिचा आरंभ औषधांपूर्वींच्या काळांतील अहमदनगर जिल्ह्यांत करतों. (२०२४ पासून या जिल्ह्यास अहिल्यानगर म्हणतात, परंतु पुढील मजकुराचा बराच भाग जुन्या नांवाच्या काळांतला आहे.)

१९३६ सालीं राहुरी येथें मेहेरबाबांनीं वेड्यांसाठीं एक आश्रम काढला. त्यांचें मौन १९२५ पासून चालूं होतें. रस्त्यावर, धर्मशाळेंत, देवळाच्या पायरीवर पडलेलीं माणसें तेथें आणलीं गेलीं. बाबा स्वतः त्यांस स्नान घालीत, जेवूं घालीत, त्यांचे शौचकूपही साफ करीत. हा आश्रम पुढील वर्षापलीकडे चालला नाहीं. मात्र त्याची हकीकत राहिली, कारण बाबांबरोबर असलेल्या विल्यम डॉन्किन या इंग्रज डॉक्टरानें १९४८ सालीं नगर येथेंच प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत ती नोंदविली. ईश्वराच्या ध्यासानें देहभान हरपलेला 'मस्त' आणि केवळ रोगानें बुद्धि बिघडलेला वेडा यांत त्यानें मोठ्या कटाक्षानें भेद केला आहे. तो भेद कोणास पटो वा न पटो. राहुरीचा हेतु आध्यात्मिक होता, वैद्यकीय नव्हता, आणि तेथें किती जण बरे झाले हा प्रश्न त्या हेतूस लागू करणें योग्य होणार नाहीं. आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातें. त्या आश्रमांत आजच्या अर्थानें एकही औषध नव्हतें. होता तो फक्त सहवास : पाणी, अन्न, स्वच्छता आणि जवळ बसणारें माणूस.

त्या काळीं सरकारी वेड्यांच्या इस्पितळांतही औषध असें फारसें नव्हतेंच. रत्नागिरीचें इस्पितळ १८८६ चें, ठाण्याचें १९०१ चें; तेथें झोंप आणणारीं द्रव्यें होतीं, कुलुपें होतीं, आणि पुढें विजेचे झटके आले. गंमत अशी कीं खरें औषध आपल्याच रानांत उगवत होतें. बिहार-बंगालकडे सर्पगंधेच्या मुळीस लोक 'पागल की दवा' म्हणत. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं वेड व रक्तदाब या दोन्हींवर ती गुणकारी असल्याचें छापून सांगितलें. त्याच वर्षीं दिल्लीस सिद्दिकी बंधूंनीं तिच्यांतून निराळीं केलेलीं द्रव्यें हकीम अजमलखानांच्या नांवें ओळखलीं जाऊं लागलीं. मुंबईचे रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील निबंध १९४९ सालीं विलायतेंतील हृदयरोगविषयक नियतकालिकांत आल्यावर मग पाश्चात्त्य जग जागें झालें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें मुळींतील 'रेसर्पिन' वेगळें निघालें आणि १९५४ सालीं अमेरिकेंत नॅथन क्लाइन यानें तें मनोरुग्णांस दिल्याचें प्रसिद्ध केलें. घरच्या वैद्यानें सांगितलेली गोष्ट परक्यानें सांगितल्यावर खरी मानण्याची आमची संवय येथेंही दिसून आली, हें जातां जातां नमूद करावेंसें वाटतें.

परंतु सर्पगंधेचें राज्य फार दिवस टिकलें नाहीं. १९५० च्या डिसेंबरांत पॅरिस येथें शार्पांतिए यानें बनविलेलें 'क्लोरप्रोमॅझिन' १९५२ सालीं देले आणि देनिकेर यांनीं सेंट-ॲन इस्पितळांत उन्मत्त रोग्यांस दिलें, आणि थोड्याच वर्षांत जगभर वेड्यांच्या इस्पितळांतील आरडाओरड शमूं लागली. हा उपकार लहान नव्हे. साखळदंडांतून, कोठडींतून माणसें घरीं आलीं. तथापि या औषधांचें काम मेंदूंत कसें चालतें हें उमगण्यास सर्पगंधेनेंच हातभार लावला : स्वीडनच्या आर्विड कार्लसन यानें १९५७ सालीं रेसर्पिननें निश्चेष्ट केलेल्या सशांस पुन्हां हालचाल आणून दाखविली आणि मेंदूंत 'डोपामिन' नांवाच्या द्रव्याचें महत्त्व सिद्ध केलें. या शोधपरंपरेबद्दल त्यास २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें असें ठरलें कीं उन्मादावरील औषधें डोपामिन ग्रहण करणाऱ्या जागा अडवून धरतात.

येथूनच सोडण्याची कथा सुरू होते. ज्या जागा वर्षानुवर्षें अडवून ठेवल्या त्यांस मेंदु मुकाट्यानें सोसत नाहीं. तो उरलेल्या जागा अधिक संवेदनशील करतो. माँट्रिऑलच्या शुइनार व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालीं ही कल्पना मांडली. औषध एकाएकीं थांबलें, तर मोकळ्या झालेल्या त्या जागांवर डोपामिन एकदम कोसळतें आणि पूर्वींपेक्षांही तीव्र उन्माद उसळूं शकतो. नुसता उन्मादच नव्हे : पहिल्या कांहीं दिवसांतच झोंप उडणें, मळमळ, घाम, अस्वस्थता, हातापायांची किंवा तोंडाची विचित्र हालचाल हींही होतात. घरच्यांस वाटतें, आजार उलटला. डॉक्टरासही पुष्कळदां तसेंच वाटतें. वस्तुतः त्यांतील कांहीं भाग आजाराचा नसून औषध सुटण्याचा असतो. आणि दोहोंतला भेद ओळखल्याशिवाय 'याला जन्मभर औषध हवेंच' किंवा 'औषधानेंच हा वेडा झाला' हीं दोन्हीं टोकाचीं मतें सारख्याच घाईनें दिलीं जातात.

तरी आंकडे दडवून चालणार नाहीं. २०१२ सालीं ६५ प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हां सात ते बारा महिन्यांत औषध चालूं असलेल्यांपैकीं शेकडा २७ जणांचा आजार उलटला, तर औषधाऐवजीं नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकीं शेकडा ६४ जणांचा. हॉलंडमधील प्रयोगांत प्रथमच आजारी पडलेल्यांचें औषध कमी केलें तेव्हां पहिल्या अठरा महिन्यांत उलटण्याचें प्रमाण दुप्पट होतें. परंतु सात वर्षांनीं, २०१३ सालीं, त्याच माणसांस पुन्हां गांठलें तर उलटण्यांत फरक राहिला नव्हता, आणि कामधंदा, घर, मित्र यांसह खऱ्या अर्थानें सावरलेले कमी मात्रेच्या गटांत शेकडा ४० व पूर्ण मात्रेच्या गटांत शेकडा १८ निघाले. मग लोकांस आशा वाटली. २०२३ सालीं इंग्लंडांतील २५३ रोग्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष आला : हळूहळू कमी करूनही दोन वर्षांत शेकडा २५ जणांस इस्पितळांत जावें लागण्याइतका आजार उलटला, औषध चालूं ठेवणाऱ्यांत शेकडा १३; आणि लोकव्यवहारांत फरक आढळला नाहीं. ज्यांस या औषधांचा द्वेष आहे त्यांनीं हा शेवटचा आंकडा वाचावा, आणि ज्यांस त्यांची भक्ति आहे त्यांनीं हॉलंडचा.

मग कमी करावयाचें तर कसें? येथें एक गणित समजून घेतलें पाहिजे, आणि तें साध्या त्रैराशिकाचें नाहीं. समजा, औषधाचा एक भाग मेंदूंतील निम्म्या जागा अडवितो. दोन भागांनीं सर्व जागा अडत नाहींत. शेकडा ६७ अडतात, चारांनीं ८०, आठांनीं ८९. म्हणजे आठांवरून चारांवर येतांना शेकडा नऊच जागा मोकळ्या होतात. पण एकावरून शून्यावर येतांना एकदम पन्नास! जिना उतरतांना वरच्या पायऱ्या बोटभर उंचीच्या आणि शेवटची पुरुषभर असावी, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच 'अर्धी केली, कांहीं झालें नाहीं, आतां बंदच करूं' हा घरगुती हिशेब घात करतो. २०२१ सालीं मार्क होरोविट्झ व त्याच्या सहकाऱ्यांनीं सुचविलेली रीत अशी कीं, त्या वेळीं चालूं असलेल्या मात्रेचा चौथा ते अर्धा हिस्साच कमी करावा, पुढचें पाऊल तीन ते सहा महिन्यांनीं टाकावें, आणि अखेरची मात्रा नेहमींच्या मात्रेच्या चाळिसाव्या हिश्शापर्यंतही बारीक करावी लागेल. हें काम महिन्यांचें नसून वर्षांचें आहे, आणि तें औषध देणाऱ्या डॉक्टराच्या देखरेखीखालींच व्हावयाचें. शरीरांत हळूहळू विरघळण्यासाठीं केलेल्या गोळ्या तोडावयाच्या नसतात. क्लोझॅपिनसारखें औषध एकाएकीं सोडणें तर विशेष धोक्याचें. आणि कांहीं माणसांच्या बाबतींत सर्व नीट करूनही औषध सुटत नाहीं. तेथें थोड्या मात्रेवर थांबणें हाही यशाचाच प्रकार मानावा.

आतां पुन्हां नगर जिल्ह्याकडे. वर सांगितलेलीं पावलें ज्याच्या हातीं आहेत तो भाग्यवान. आमच्याकडे औषध बहुधा उतरत नाहीं, तुटतें. पाथर्डी, शेवगांव, जामखेड या तालुक्यांतलीं बिऱ्हाडें दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परत येत नाहींत. गोळ्यांची पुडी दोन आठवड्यांत संपते. कारखान्याच्या तळावर मनोविकारांचा डॉक्टर कोठून असणार? कोठें मुलीचें लग्न ठरतें, आणि सासरच्यांस कळूं नये म्हणून डबी फेंकली जाते. कोठें नवस फेडला, 'आतां देवानें केलें' म्हणून गोळी बंद. यांतील एकही प्रसंग वैद्यकाच्या पुस्तकांत 'औषध सोडणें' म्हणून मोजला जात नाहीं. पण आमच्या समजुतीनें या जिल्ह्यांत औषध सुटण्याची हीच मुख्य वाट आहे. आणि तिच्या शेवटीं काय असतें, हें नगर-शिर्डी रस्त्यावर शिंगवे येथें डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांनीं चालविलेल्या 'माउली'च्या दारांत दिसतें. रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रियांस तेथें आश्रय मिळतो. राहुरीचें पाणी, अन्न आणि सहवास येथें आहेत, आणि जोडीला औषधही आहे; एकास दुसऱ्याचा पर्याय मानण्याचें कारण नाहीं.

साधनें अगदींच नाहींत असें नव्हे. जामखेड येथें रजनीकांत व माबेल आरोळे या डॉक्टर दांपत्यानें १९७० सालीं आरोग्यप्रकल्प सुरू केला आणि गांवांतल्याच, पुष्कळदां निरक्षर, बायकांस आरोग्याचें शिक्षण दिलें. बाळंतपणांपासून कुष्ठरोगापर्यंत त्यांनीं काय करून दाखविलें हें जगास ठाऊक आहे. औषध उतरवितांना ज्या खुणा पाहावयाच्या त्या अशा बाईच्या नजरेंतून सुटणाऱ्या नाहींत : सलग दोन-तीन रात्रीं झोंप न लागणें, जेवणाकडे पाठ, एकट्यानें पुटपुटणें, घरच्यांविषयीं नवा संशय. झोंप ही पहिली खूण. ती बिघडली कीं पुढचें पाऊल थांबवून मागच्या मात्रेवर जाण्याविषयीं डॉक्टरास त्याच दिवशीं विचारावें.

कायद्यानेंही एक वाट ठेवली आहे. १९१२ च्या वेड्यांच्या कायद्यांत रोग्याच्या इच्छेस फारसें स्थान नव्हतें. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या पांचव्या कलमानें प्रत्येक सज्ञान माणसास, तो शुद्धीवर असतांना, पुढें आजार उलटल्यास आपल्यावर कोणता उपचार व्हावा आणि कोणता होऊं नये, हें आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार दिला. आपल्या वतीनें बोलणारा माणूसही त्यानें स्वतः नेमावयाचा असतो. औषध कमी करण्याच्या पहिल्या पावलापूर्वीं हा कागद लिहिला जावा. त्यांत औषधाचें नांव, चालूं मात्रा, कोणत्या खुणा दिसल्या कीं थांबावें, आणि रात्रीं-अपरात्रीं कोणास बोलवावें हें असावें; एक प्रत डॉक्टराजवळ, एक घरांत, आणि कुटुंब ऊसतोडीला निघालें तर एक पेटींत, गोळ्यांच्या पुडीशेजारीं.