गोवा बनावटीची

कोल्हापुरात पेपर वाचत मोठं झालेल्या माणसाला एक शब्दप्रयोग पाठ असतो : ‘गोवा बनावटीची दारू’. त्याच्यापुढे ‘जप्त’ हा शब्द ठरलेला. एखादा टेम्पो, भाजीच्या क्रेटखाली दडवलेले खोके, आंबोलीचा नाहीतर इन्सुलीचा नाका, मुद्देमालाची किंमत आणि ‘पुढील तपास सुरू आहे’. निवडणूक किंवा थर्टी फर्स्ट जवळ आला की या बातम्या वाढतात. त्यात दारू किती लाखांची होती ते असतं. ती कुणी गाळली, कशापासून गाळली, चवीला कशी होती, हे कधीच नसतं. चोरट्या मालाला चव विचारत नाहीत.

आता दुसरी गोष्ट. २०१२ साली लंडनमध्ये एक नवी सिंगल माल्ट व्हिस्की बाजारात आली. नाव पॉल जॉन. ती तयार झाली होती दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीला, तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डिस्टिलरीत. आज जगभरातले व्हिस्कीचे दर्दी ती बाटली घेऊन पेल्यात नाक घालून बसतात आणि मध, कोको, धूर असले शब्द वहीत लिहितात. म्हणजे तीही गोवा बनावटीचीच. शब्द तेच, पण एका बातमीत ती मुद्देमाल आणि दुसरीकडे कौतुकाची वस्तू.

मला या दोन बाटल्यांमधलं अंतर मोजायचंय. ते घाटापेक्षा मोठं आहे, आणि त्यातला बराचसा भाग इतिहासाने भरलेला आहे.

आधी सिंगल माल्ट म्हणजे काय ते पाहू, कारण या शब्दाभोवती उगाच वलय आहे. बार्ली म्हणजे आपला सातू. तो भिजवायचा, त्याला मोड आणायचे आणि मोड वाढायच्या आत वाळवायचा. हा झाला माल्ट. मिसळीच्या मटकीला मोड आणणाऱ्या आणि पोरांना नाचणीचं सत्त्व पाजणाऱ्या गावाला हे समजावून सांगायची गरज नाही. मोड आले की धान्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. ती साखर गरम पाण्यात उतरवायची, यीस्टने आंबवायची, तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळायची आणि ओकच्या लाकडी पिंपात मुरत ठेवायची. हे सगळं एकाच डिस्टिलरीचं असेल तर ‘सिंगल’. सिंगल म्हणजे एक पिंप नव्हे, एक जागा. बाटलीवर जे विकलं जातं ते मुख्यतः जागेचं नाव असतं.

जागेचं नाव चवीला चिकटतं हेही कोल्हापूरला नवीन नाही. ‘कोल्हापुरी गूळ’ या नावाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळावर काहील कधी उतरवायची हे गुळव्या नजरेने ठरवतो. तो रस कुठल्या रानातला आणि पाणी कसलं, यावर जाणती माणसं भांडू शकतात. गुळाच्या बाबतीत आपण अस्सल दर्दी आहोत. मग दारूच्या बाबतीत हीच जीभ मुकी का झाली?

थोडं मागे जाऊ. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच वर्षी १६ जूनला मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते आणि मोरारजी देसाई गृहमंत्री. ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी सुरू झाली.

या कायद्याविरुद्ध मुंबईचे एफ. एन. बलसारा हायकोर्टात गेले. त्यांनी जे जवळ बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क मागितला त्या यादीत व्हिस्की होती, ब्रँडी होती, वाइन, बिअर आणि चक्क यू-दी-कोलोनही होतं. राज्यघटना लागू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. मे १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंधनं गेली, पण पिण्याच्या दारूवरची बंदी टिकली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही अभ्यासाला असतो.

साठच्या दशकात, वसंतराव नाईकांच्या काळात, बंदी सैल झाली. १९७३ च्या नियमांनी देशी दारूलाही अधिकृत चौकट मिळाली. पण मूळ कायदा गेला नाही. आज त्याचं नाव ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ असं आहे आणि त्याच्यानुसार पिण्यासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन. व्हिस्कीसाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ का लिहितात याचं उत्तर इथे आहे. तुम्ही पाटी वाचता तेव्हा १९४९ सालच वाचत असता.

बंदीने पिणं थांबलं नाही, ते आडोशाला गेलं. पिण्याची रीतच बदलली. लपून प्यायचं तर पटकन प्यायचं. पटकन प्यायचं तर तिखटजाळ चव जिभेवर न थांबवता घशाखाली उतरवायची आणि वर काहीतरी खायचं. त्या खाण्याला आपण ‘चखणा’ म्हणतो, हे मला फार बोलकं वाटतं. चखणा म्हणजे चाखायची गोष्ट. म्हणजे आपण शेंगदाणे चाखतो आणि दारू ढोसतो. क्रियापद चुकीच्या ताटलीत पडलंय.

दुसरं कारण उसाच्या रानात आहे. साखर बनवताना उरते ती काळी दाट मळी. ती आंबवून गाळली की स्पिरिट मिळतं. भारतात ‘व्हिस्की’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं पुष्कळसं याच मळीच्या, नाहीतर इतर धान्याच्या, जवळजवळ बेचव स्पिरिटमध्ये थोडा माल्ट आणि रंग-वास मिसळून केलेलं असतं. युरोपात मळीच्या स्पिरिटला व्हिस्की म्हणता येत नाही. उसापासून बनलं तर ते रमच्या कुळातलं. म्हणजे साखरपट्ट्यातली माणसं व्हिस्की म्हणून अनेकदा आपलाच ऊस पीत आली, फक्त त्या बाटलीवर ना उसाचं नाव होतं ना गावाचं. वर आपल्या कायद्याच्या भाषेत ती ‘विदेशी मद्य’.

इथे स्कॉटलंडकडे एकदा बघायला हवं, कारण आपल्याला वाटतं की ते लोक पहिल्यापासून खुर्चीत बसून शांतपणे चाखत आले. तसं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीला आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला तिथल्या डोंगरांत चोरून गाळणं हा घरोघरचा धंदा होता. जबर कर, डोंगरातल्या भट्ट्या, घोड्यांवरून रात्री उतरणारा माल आणि मागे लागलेले करवसुली अधिकारी. आपल्या घाटातल्या बातम्यांसारखंच सगळं. १८२३ च्या कायद्याने परवाना परवडण्याजोगा केला. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेट खोऱ्यातल्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला, तर जुने साथीदार इतके खवळले की तो पुढे बराच काळ कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरे. आज ग्लेनलिव्हेट हे नाव विमानतळांवर मिरवतं. स्कॉचही एकेकाळी मुद्देमालच होती. उघड्यावर आली, नाव लागलं आणि मग लोक चव विचारू लागले. तरी १९६३ मध्ये ग्लेनफिडिकने परदेशात सिंगल माल्ट म्हणून जोरात विक्री सुरू करेपर्यंत जग मुख्यतः मिश्र स्कॉचच पीत होतं. म्हणजे चाखण्याची ही ‘पुरातन परंपरा’ तुमच्या आजोबांपेक्षा फारशी जुनी नाही.

भारतातून हे पाऊल पहिल्यांदा टाकलं बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने. जगदाळे कुटुंबाची ही कंपनी १९४८ सालची. त्यांनी २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत, म्हणजे स्कॉचच्या अंगणात, बाजारात आणली. त्यानंतर आठ वर्षांनी कुंकळ्ळीची पॉल जॉन. तिचे मालक पॉल पी. जॉन यांच्या कंपनीचा मोठा धंदा ‘ओरिजिनल चॉइस’ या स्वस्त व्हिस्कीचा. एकाच कंपनीत भारताचे दोन्ही घोट आहेत, ढोसायचाही आणि चाखायचाही.

कुंकळ्ळी हे गाव इतिहासाला आधीपासून माहीत आहे. १५८३ मध्ये इथल्या गावकऱ्यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठाव केला, त्यात पाच जेझुइट पाद्री मारले गेले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. अशा गावाचं हवामान आता पिंपांत मुरतंय.

कारण हवामान हाच या व्हिस्कीचा खरा घटक आहे. पिंपातून दारूची वाफ सतत उडत असते. इंग्रजीत तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमध्ये हा वाटा वर्षाला साधारण दोन टक्के, गोव्याच्या उकाड्यात आठ किंवा त्याहून जास्त. हिशेब करून बघा. दोनशे लिटरचं पिंप बारा वर्षं ठेवलं तर स्कॉटलंडमध्ये सुमारे १५७ लिटर उरेल, गोव्यात सुमारे ७४. आपले देवदूत जास्त पितात. म्हणून इथली व्हिस्की बारा-अठरा वर्षं थांबत नाही. उष्णतेने लाकडाशी देवाणघेवाणही वेगाने होते, त्यामुळे थोड्या वर्षांतच तिला रंग आणि अंग येतं. वयाचा आकडा बघून व्हिस्की जोखणारा माणूस इथे फसतो.

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही चौघांनी कोल्हापुरातच, परवाने खिशात आणि बिल हातात असं, या डिस्टिलरीच्या तीन बाटल्या एका संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवल्या. ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड. तिन्हींची तीव्रता ४६ टक्के, त्यामुळे तुलना सरळ होते. प्रत्येकाला प्रत्येकीचा चमचा-दोन चमचेच. सोडा नाही, बर्फ नाही. आधी नाक, तेही तोंड किंचित उघडं ठेवून, म्हणजे वास झोंबत नाही. मग छोटा घोट जिभेवर फिरवायचा. मग साध्या पाण्याचे चार थेंब टाकून पुन्हा. पाण्याने काही दडलेले वास सुटे होतात.

ब्रिलियन्समध्ये धूर नाही. मला मध लागला, मग काकवी, शेवटाला दालचिनीसारखी ऊब. एडिटेडमध्ये धूर मागच्या खोलीत असल्यासारखा आणि पुढे कोकोचा कडवटपणा. बोल्डला मात्र सरळ धूर. स्कॉटलंडहून आणलेल्या पीटच्या आगीवर तिचा माल्ट वाळवलेला असतो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेला पालापाचोळा, तिथलं जळण. एक मित्र पहिल्याच वासाला म्हणाला, “चुलवाण.” दुसरा म्हणाला, “चिपाडं पेटल्यावरचं.” व्हिस्कीच्या पुस्तकांत या धुराला समुद्र, डांबर, दवाखाना असं काय काय म्हटलेलं असतं. आम्हाला गुऱ्हाळ सापडलं. दोन्ही खरंच. चव बाटलीत असते, पण तिचं नाव आपल्याच गावातून आणावं लागतं. त्या संध्याकाळी चौघांत मिळून जेवढी संपली तेवढी एरवी एकटा माणूस बोलता बोलता संपवतो.

इथे थांबलो तर हा लेख फार गोड होईल. चाखणारा सभ्य आणि ढोसणारा दारूडा, असं मला म्हणायचं नाही. अनेकदा या दोघांतला फरक फक्त बाटलीच्या किमतीचा असतो. सातूची असो की मळीची, अल्कोहोल शरीराला एकच कळतं. आणि बाटलीचा इतिहास फक्त पिणाऱ्यांचा नाही. महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी बाटली आडवी केली तर दुकान बंद होतं. त्या बायकांना दारूची चव विचारायला कुणी गेलं नव्हतं. त्यांना तिचा परिणाम माहीत होता. पगाराचं पाकीट, रात्रीची मारहाण, मुलांची वह्या-पुस्तकं. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. तीही कुठे तरी ‘बनावटीची’च होती, फक्त जागा कुणी सांगितली नव्हती.

तरीही मला वाटतं, चव विचारणं ही किरकोळ गोष्ट नाही. चव विचारली की पुढचे प्रश्न आपोआप येतात. हे कशापासून बनलं, कुणी बनवलं, कुठे, किती वर्षं मुरलं, यात काय मिसळलंय. ज्या बाटलीला हे प्रश्न विचारता येतात ती उघड्यावर आलेली असते. ज्या बाटलीला ते विचारायची सोय नसते ती अंधारात पोचते, आणि अंधारात काय भरलंय हे कुणालाच कळत नाही. बंदीने आपल्याला बाटली लपवायला शिकवलं, तेव्हा हे प्रश्नही लपले.

प्यायचंच नसेल तर उत्तमच, त्यासाठी कुठलंही कारण द्यावं लागू नये. पण प्यायची असेल तर तिची जात, गाव आणि वय विचारून, दिवसाउजेडी सांगता येईल एवढीच. आडवी बाटली करणाऱ्या बाईच्या डोळ्याला डोळा भिडवता आला पाहिजे, ही चाखण्याची माझ्यापुरती अट. ती पुरी होत नसेल, तर पेल्यात कितीही उंची माल असो, तो मुद्देमालच.